मेस्तरांनंतर उभे कोणी राहायचे

कोंडाजी बिरदवडे हा माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढचे वाचून तसा समज होण्याचा संभव आहे. आमच्या चिंचवडच्या पंपाच्या कारखान्यात तो फिटर आहे. कामावर वेळेवर येतो, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवतो, फोरमनशी भांडत नाही. मूळचा चाकणचा, आता दापोडीला रुळांलगतच्या चाळीत राहतो. आणि तो ट्रंपेट वाजवतो. माझा सगळा वैताग या शेवटच्या वाक्यात आहे.

मी त्याच कारखान्याचा मुख्य हिशेबनीस. निवृत्तीला आता फार अवकाश नाही. कॉमर्सचे शिक्षण घेतले आणि आयुष्यभर तेच केले. संगीताशी माझा संबंध शेजाऱ्यांच्या पेटीपुरता. तरीही कामगारांच्या करमणूक मंडळाचा चिटणीस म्हणून सर्वांनी मलाच निवडले, कारण तुमच्याकडे कागद नीट राहतात, असे त्यांचे म्हणणे. कागद नीट राहिले. बँड राहीना.

हा बँड कायतान मेस्तरांचा. गोव्याकडे वाजवायला शिकवणाऱ्याला मेस्तर म्हणतात. कायतान मेस्तर उमेदीच्या काळात पुण्याच्या कॅम्पात साहेब लोकांच्या क्लबांतून ट्रंपेटवर जॅझ वाजवत. साहेब गेले, पाठोपाठ दारूबंदी आली आणि क्लबांतले नाच थांबले. त्यांचे बरेचसे सोबती मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मेस्तर आणि त्यांचे दोस्त आगुस्तीन, जे सॅक्सोफोन वाजवत, दोघे मात्र इकडेच राहिले. दापोडीत त्यांनी खोली घेतली आणि कारखान्यात लागलेल्या मराठी पोरांना ते शिकवू लागले. पुढे आमच्या मंडळाने ड्रम घेऊन दिले, तालमीला जेवणघर दिले, आणि लग्नाकार्यांत बँडला मागणी येऊ लागली. लोक त्याला ‘इंग्रजी बँड’ म्हणत.

जॅझ म्हणजे काय, हे मेस्तरांनी मला एकदा समजावून सांगितले होते. “हे बघा चिटणीस, आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. मग एकाने उभे राहायचे आणि त्या चालीचे त्याच्या मनाला येईल ते करायचे. बाकीच्यांनी बसून साथ द्यायची. त्याचे झाले की तो बसतो, दुसरा उठतो. कोण कोणाला विचारत नाही.”

प्रत्यक्षात मात्र त्यांच्या बँडात उभे राहत ते एकटे मेस्तर. पोरे नवी होती, उठून वाजवण्याइतकी तयार नव्हती. एखादा उत्साहाने अर्धवट उठलाच तर मेस्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, “बस रे बाबा, अजून वेळ आहे.” ते हे अगदी प्रेमाने म्हणत. पण कोंडाजीसारखी पोरे ज्या गावांतून आली होती तिथे भजनात बुवांनी मान हलवल्याशिवाय कोणी आवाज काढत नाही. त्यांनी मेस्तरांचे बोलणे नियम म्हणूनच घेतले. मेस्तर उठ म्हणतील तेव्हा उठायचे. मेस्तरांना असा काही नियम आपण केला आहे याची कल्पनाही नसावी.

आधी आगुस्तीन वारले. मग मुंबईहून त्यांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकेकाच्या बातम्या येऊ लागल्या. कोणी पियानो वाजवणारा, कोणी कॅम्पात मेस्तरांच्या शेजारी बसणारा. बातमी आली की मेस्तर त्या दिवशी तालमीत फार वेळ उभे राहून वाजवत, आणि पोरे गप्प बसून साथ देत. छप्पन सालच्या थंडीत मेस्तरही गेले. खडकीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पोचवायला सगळा बँड गेला होता. कोंडाजीने कामाचा खाडा केला तो तेवढा एकच दिवस.

त्यानंतरच्या पहिल्या तालमीला मी हजर होतो. कोंडाजीने मेस्तरांची खुर्ची नेहमीच्या जागी पुढे आणून ठेवली. रिकामी. चाल सुरू झाली, मेस्तर उठत ती जागा आली, आणि सगळ्यांनी त्या खुर्चीकडे बघत हळू आवाजात नुसती साथ दिली. मेस्तर जेवढा वेळ वाजवत तेवढा वेळ. मग पुन्हा सगळ्यांनी मिळून चाल उचलली. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी कबूल करतो. पण असली गोष्ट एकदा करायची असते. ही मंडळी दर वेळी करू लागली.

वैशाखात सांगवीच्या सोपानरावांच्या घरी लग्न होते. सोपानराव मोठे शेतकरी, मुलीचे वडील. वऱ्हाड दारात आले, बँडने दणक्यात चाल सुरू केली, लोक नाचू लागले, आणि ऐन रंगात आल्यावर ट्रंपेट, सॅक्सोफोन सगळे एकदम खालच्या आवाजात गेले. नाचणारे एकमेकांकडे बघत उभे राहिले. सोपानराव धावत आले.

“का हो, मधीच काय झालं? पिपानी बिघडली काय?”

“न्हाई पावनं,” कोंडाजी म्हणाला, “ती मेस्तरांची जागा हाय.”

“कुठंत मेस्तर?”

“वारलं.”

सोपानरावांनी कपाळाला हात लावला. “आन् मंग लग्नात कशापायी आणलं त्यास्नी?”

एवढ्यावर भागले असते. पण नवरदेवाच्या आजीला बसायला जागा नव्हती, आणि बँडवाल्यांत एक खुर्ची मोकळी दिसत होती. आजी जाऊन बसल्या. कोंडाजीने ट्रंपेट खाली ठेवला आणि हात जोडून त्यांना उठवले. नवरदेवाच्या आजीला! तिथून जे रुसवेफुगवे सुरू झाले ते निस्तरायला दुसऱ्या दिवशी मला सांगवीला जावे लागले. मी हिशेबनीस आहे. लोकांच्या आजीची समजूत काढणे हे माझे काम नाही.

परत आल्यावर चहाच्या सुट्टीत मी कोंडाजीला गाठले.

“कोंडाजी, मी रजेवर गेलो तर माझ्या टेबलावरचे काम थांबते का?”

“न्हाई.”

“का थांबत नाही?”

“तुमी चार्ज देऊन जाता की.”

“मग? मेस्तर गेले. आता त्यांचे काम दुसऱ्याने करायला नको?”

“त्यांनी चार्ज दिला न्हाई.”

“अरे, मेलेला माणूस चार्ज कसा देईल?”

“तेच म्हनतोय मी,” कोंडाजी म्हणाला, आणि बशीतला चहा संपवून कामाला गेला.

अशा माणसापुढे डोके आपटावे तर आपलेच फुटते.

बँडात एक हिंदुराव होता. कऱ्हाडकडचा, रंगखात्यात कामाला, बँडात सर्वांत लहान आणि सर्वांत तयार. सॅक्सोफोन तो आगुस्तीनकडे शिकला होता. तो एक दिवस माझ्याकडे आला.

“साहेब, मी उठतो की त्या जागंला. वाजवतो. मला येतंय. पण कोंडाजीभाऊ न्हाई म्हणत्यात. त्यांचं बघून बाकीचे बी न्हाई म्हणत्यात.”

“मग तू त्यांना समजाव.”

“समजावून दमलो. मुंबईला माझ्या ओळखीचा एक आहे, शिनेमाच्या वाद्यवृंदात. बसायला जागा देतो म्हणतोय. जातो मी.”

“तिथेही तुला बसूनच वाजवावे लागेल.”

“व्हय. पण तिथं बसायचा पगार मिळतोय.”

हे उत्तर बिनतोड होते. हिंदुराव गेला असता तर बँडात ऐकण्यासारखे काही उरले नसते, हे माझ्यासारख्यालाही कळत होते. त्यातच आमचे मॅनेजर यशवंतराव यांनी मला बोलावले. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि नंतर मंडळाचा कार्यक्रम. त्या वर्षी पुण्याहून पाहुणे यायचे होते.

“चिटणीस,” यशवंतराव म्हणाले, “या वेळी गाण्याच्या मध्ये भोक पडता कामा नये. पडले तर पुढच्या वर्षीपासून ग्रामोफोन आणि कर्णा. ड्रम विकून टाका, जेवणघर मोकळे करा. ग्रामोफोन कोणासाठी थांबत नाही.”

मला त्यांचे म्हणणे पटले नाही असे मी म्हणणार नाही. पण ड्रम गेले आणि तालमीची जागा गेली म्हणजे बँड मोडला, आणि बँड मोडला म्हणजे मेस्तरांनी या पोरांना दिलेले सगळेच गेले. खुर्चीला इतके जपणाऱ्या माणसाला हे कळू नये? एका रविवारी मी दापोडीला त्याच्या घरीच गेलो.

कोंडाजीची बायको सोजराबाई दारात तांदूळ निवडत होती. तो आत खाटेवर बसून एका फडक्याने ट्रंपेट घासत होता. मी यशवंतरावांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. कोंडाजीने ऐकून घेतले आणि घासणे चालू ठेवले.

“साहेब,” तो म्हणाला, “गुरूची जागा हाय ती. भक्तीचा इषय हाय.”

“भक्ती-बिक्ती काय न्हाई,” सोजराबाई दारातून म्हणाली. “भ्यालेत त्ये.”

“तू गप बस.”

“मी बसलेलीच हाय. तुमीच उठंना झालाय.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “साहेब, सांजच्याला ह्ये नदीकडं जात्यात. पुलाखाली उभं राहून वाजवत्यात, कुनी नसतं तवा. मी डोळ्यांनी बघितलंय. म्हशी ऐकत्यात. चार मानसांत उभं राहा म्हटलं की मेस्तर आठवत्यात.”

कोंडाजीने ट्रंपेट फडक्यात गुंडाळून ठेवला. मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. चाळ मागे पडल्यावर म्हणाला, “साहेब, मेस्तर उठायचे तवा लोक जेवायचं सोडून बघायचे. त्या जागंवर आता मी उभा राहनार. कुनी म्हनलं, ‘ह्यो?’ तर? माझं काय न्हाई. पन मेस्तरांनी ह्येच शिकिवलं व्हय, असं म्हनतील.”

“आणि कोणीच उभे राहिले नाही तर काय म्हणतील?”

“मेस्तर मोठे हुते म्हनतील.”

“असे कोणी म्हणत नाही, कोंडाजी. पिपाणी बिघडली म्हणतात.”

तो हसला नाही. फाटकाशी आगगाडी जायची होती म्हणून आम्ही थांबलो, आणि गाडी गेल्यावर तो मागच्या मागे घरी गेला. माझे सगळे बोलणे फुकट गेले असे समजून मी बसस्टँडकडे वळलो.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढला होता. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनला हळदकुंकू, सगळीकडे नारळाचे पाणी सांडलेले. जुळणीच्या शेडमध्ये एका बाजूला लाकडी मंच केला होता. समोर पाहुणे, यशवंतराव, मागे कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे. मंचावर मेस्तरांची खुर्ची होतीच. ती काढून टाकायला मी दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा कोंडाजीने परत आणली.

पूजा आटोपली, प्रसाद वाटला, बँड सुरू झाला. चाल छान चालली होती. लोक मान डोलवत होते. मी मात्र पुढे येणाऱ्या जागेकडे डोळे लावून बसलो होतो. ती आली. आवाज खाली गेले. कोंडाजीने नजर मंचाच्या फळ्यांवर लावली होती. यशवंतरावांनी वळून माझ्याकडे पाहिले.

तेवढ्यात हिंदुराव उठला.

त्याने कोणाकडे पाहिले नाही, सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि सुरुवात केली. चपळ, मोकळे, हसत हसत वाजवल्यासारखे. मागे कामगारांनी शिट्ट्या मारल्या. यशवंतराव पुन्हा पुढे बघू लागले. मला हायसे वाटले, आणि ते वाटते न वाटते तोच कोंडाजी उठला. चेहरा लालबुंद. दोन पावले पुढे आला आणि डाव्या हाताने त्याने हिंदुरावचा खांदा दाबला.

हिंदुराव बसेना. वाजवत राहिला. कोंडाजीने आणखी जोराने दाबले. हिंदुराव थोडा वाकला, पण वाजवणे सोडले नाही. शेडमध्ये हशा पिकला. आता अडचण अशी झाली की सगळ्या कारखान्यासमोर कोंडाजी बिरदवडे मंचाच्या मध्यभागी उभा होता. मुकाट्याने परत बसावे तर हार मानल्यासारखे, नुसते उभे राहावे तर वेड्यासारखे. त्याने ट्रंपेट तोंडाला लावला.

पहिला सूर फाटला. लोक आणखी हसले. दुसरा सूर त्याने थेट हिंदुरावच्या कानाशी मारला, पोराला दरडावावे तसा. हिंदुरावने त्याला उलट उत्तर दिले. कोंडाजीने त्याला मध्येच तोडले. संगीतातले मला काही कळत नाही, पण भांडणातले कळते. मालक आणि कामगार यांच्या किती बैठकांत मी कोपऱ्यात बसलो आहे. हे नियमशीर भांडण होते. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने खोडायचा. मेस्तर वाजवत तेव्हा ऐकणाऱ्याला कुठल्या तरी दिव्यांच्या दालनात नेल्यासारखे वाटे. कोंडाजीचे वाजवणे ऐकून चाकणच्या बाजारात कांद्याच्या भावावरून चाललेली घासाघीस आठवली. चढ्या आवाजात, हातवारे करत, मध्येच पाठ फिरवून निघाल्यासारखे करत आणि पुन्हा वळत. मेस्तरांचे त्यात काही नव्हते. की होते, मला ठरवता येईना. हसणे कधी थांबले ते मात्र माझ्या लक्षात आले नाही. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी हातातला प्रसाद तसाच धरून ठेवला होता.

आणि मग कोंडाजी बसेना! हिंदुराव दमून बसला, ड्रमवाल्या सोनबाने चालीवर परत यायचा इशारा दोनदा दिला, यशवंतराव घड्याळ बघू लागले, पाहुण्यांचे भाषण व्हायचे होते. मी हात हलवून खुणा करत होतो. कोंडाजीचे डोळे मिटलेले. इतके दिवस जो उठत नव्हता तो आता खाली बसायला तयार नव्हता. शेवटी बायकांच्या बाजूने सोजराबाईचा आवाज आला, “अवं, बसा की आता!” तेव्हा कुठे तो भानावर आला.

टाळ्या झाल्या. ग्रामोफोनचा विषय यशवंतरावांनी पुन्हा काढला नाही. पाहुण्यांचे भाषण मात्र आवरते घ्यावे लागले, आणि त्याबद्दल मला ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच.

मला वाटले, सुटलो. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या कोंडाजी माझ्या टेबलापाशी उभा.

“साहेब, हिंदुरावला बँडातनं काढा.”

“का?”

“परवानगीबगर उठला.”

मी लेखणी खाली ठेवली. “आणि तू?”

“मी काय?”

“तूही उठलास. सगळ्या कारखान्याने पाहिले.”

“मी उठलो न्हाई. त्याला बसवाया उठलो.”

“बसवायला उठलास, तर वाजवलेस कशाला?”

“उठल्यावर मोकळ्या तोंडानं काय उभं राहायचं, साहेब? लोक काय म्हनतील?”

“आणि तो बसल्यावरही वाजवत होतास ते?”

यावर तो थोडा विचार करून म्हणाला, “पुन्हा उठंल म्हनून.”

मी हिंदुरावला बोलावले. त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, “साहेब, भाऊ मला दर वेळी बसवायला उठणार असतील, तर मी मुंबईला कशाला जाऊ? असं तिथं कोण उठतंय?” कोंडाजी त्याच्यावर धावून गेला. माझ्या टेबलाशी दोघांचे पुन्हा जुंपले, या वेळी तोंडाने, आणि सगळे ऑफिस काम सोडून ऐकत बसले. मी दोघांना बाहेर काढले. कोणालाही बँडातून काढले नाही.

तेव्हापासून हे असेच चालले आहे. जागा आली की हिंदुराव उठतो, त्याला बसवायला कोंडाजी उठतो, आणि दोघे भांडतात. लोक तेवढ्यासाठीच बँड बोलावतात. किती वेळ चालेल ते कोणालाच माहीत नसते, त्यामुळे माझ्या कार्यक्रमपत्रिकेला काही अर्थ उरलेला नाही.

परवा मोशीला एका लग्नाला मीही आमंत्रित होतो. हिंदुराव तापाने आजारी, आला नव्हता. मला वाटले, आज पुन्हा ते भोक. जागा आली आणि कोंडाजी सरळ उठून उभा राहिला. एकट्याने वाजवले. पहिला सूर स्वच्छ लागला. मांडवात जेवणाऱ्या पंगतीतली माणसे हात थांबवून बघू लागली. त्याने वाजवले, आणि चक्क वेळेवर खाली बसला.

मी त्याच्याजवळ गेलो. “काय कोंडाजी, हिंदुराव तर नाही. आज कोणाला बसवायला उठलास?”

कोंडाजीने घाम पुसला. “ह्यो सोनबा,” तो म्हणाला, “उठायच्या बेतात हुता.”

“मी?” सोनबा ड्रमच्या मागून ओरडला. “साहेब, ड्रम वाजवताना मानसाला उठता तरी येतं काय?”

“तुझ्या मनात हुतं,” कोंडाजी म्हणाला.

सोनबा शपथा घेऊ लागला. कोंडाजी त्याला खोटारडा म्हणू लागला. दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले, आणि मागून नवरीचे काका येऊन सांगू लागले की मघाचे ते उभ्याने वाजवलेले पुन्हा एकदा होऊ द्या.